सर्व्हिसिंगनंतर लागलेला इंजिनचा पिवळा दिवा: पुसायच्या आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची पेट्रोल गाडी, ६२ हजार किलोमीटर झालेली. ओळखीच्या गॅरेजात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि प्लग बदलून घेतले. गाडी घरी आणली तेव्हा सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालात आणि मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तो लागलाच. मेकॅनिक म्हणतो, "काही नाही हो, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, जाईल." पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन साताऱ्याहून गुहागरला जायचंय, म्हणून हा दिवा रिसेट कसा करायचा ते तुम्हाला हवंय.

रिसेट करणं दोन मिनिटांचं काम आहे, तेही पुढे सांगतो. पण २२ वर्षं गॅरेज चालवल्यावर, त्यातली निम्मी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) हातात घेऊन काढल्यावर, माझं मत असं झालंय की खरा प्रश्न दिवा घालवण्याचा नाहीच. तुमच्या गाडीने काहीतरी नोंदवून ठेवलंय. ते वाचायच्या आत पुसलं, तर पुढचा सगळा शोध म्हणजे आंधळी कोशिंबीर.

आधी दिवा कोणता ते नीट बघा. माझ्याकडे "इंजिनचा दिवा लागलाय" म्हणून येणाऱ्यांपैकी काही जणांचा दिवा भलताच निघतो. पान्याचं चित्र किंवा सर्व्हिसची आठवण करून देणारा संदेश असेल, तर तो नुसता किलोमीटर आणि दिवस मोजणारा गजर असतो. इंजिनची तब्येत त्याला कळत नाही. सर्व्हिसिंग करणारा तो शून्यावर आणायला विसरला की तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. बऱ्याच गाड्यांत चावी बंद असताना ट्रिपचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून चावी ऑन करायची, की तो जातो. सगळ्या गाड्यांत असं नसतं, त्यामुळे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. लाल रंगाची तेलाची किटली किंवा लाल थर्मामीटर असेल तर मात्र पुढचं काही वाचू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा दिवा पिवळा आणि इंजिनच्या आकाराचा आहे, म्हणजे तो खरोखर ईसीएमने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, लावलेला आहे.

हा दिवा मुळात धुरासाठी आहे. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचा भारत स्टेज ४ निकष) मोटारींना ओबीडी-२ ही गाडीतच बसवलेली बिघाड शोधणारी यंत्रणा एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. सायलेन्सरमधून बाहेर पडणारं प्रदूषण वाढेल असा बिघाड दिसला की चालकाला कळवायचं, हे तिचं काम. म्हणून पुष्कळदा दिवा लागलेला असतो आणि गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. गाडी मस्त पळतेय म्हणून दिवा खोटा, असं नसतं. उलटही होतं. क्लच संपलेला असतो, टायर गेलेले असतात, पण दिव्याला त्याचं काही घेणंदेणं नसतं.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. तुमचा मेकॅनिक म्हणणार, "मी गाडी दिली तेव्हा दिवा कुठे होता?" तो खोटं बोलत नसेल. बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत ईसीएम पहिल्यांदा गडबड दिसली की लगेच दिवा लावत नाही, त्या बिघाडाचा ठरलेला नंबर, म्हणजे कोड, कच्च्या वहीत लिहितो. पुढच्या फेरीत तीच गडबड पुन्हा दिसली की पक्क्या वहीत चढवतो आणि दिवा लावतो. गॅरेज ते घर ही पहिली फेरी, घर ते ऑफिस ही दुसरी. त्यामुळे दिवा दुसऱ्या दिवशी लागला म्हणून सर्व्हिसिंगचा संबंध नाही असं ठरत नाही. मी तर म्हणेन, संशय वाढतोच. (काही सेन्सरची वायर पूर्ण तुटली किंवा कपलर, म्हणजे वायरीचा प्लास्टिकचा जोड, निघाला तर दिवा लगेचही लागतो. ते गाडीवर अवलंबून आहे.)

तर पहिलं काम, कोड वाचणं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर हात घालून बघा, सोळा पिनांचं सॉकेट लागेल. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं ईएलएम ३२७ यंत्र बाजारात स्वस्तात मिळतं. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्यायचं, चावी ऑन करायची आणि जोडायचं. स्वस्त नकला कधी जोडल्या जातात, कधी जात नाहीत, हे गृहीत धरा. तेवढी खटपट नको असेल तर स्कॅनर असलेल्या कुठल्याही गॅरेजात वाचून घ्या. पण तिथे पहिलं वाक्य हे बोला: "आधी पुसू नका, कोड मला लिहून द्या." स्क्रीनचा फोटो काढलात तर उत्तम.

कोडइतकीच मोलाची दुसरी गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. बिघाड पक्का झाला त्या क्षणाला इंजिन किती आरपीएमवर होतं, गाडीचा वेग किती, पाणी किती गरम, इंजिनवर भार किती, याचा ईसीएमने काढलेला तो फोटोच म्हणा. कोड पुसला की हा फोटोही जातो. हे मी अद्दल घडून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांची गाडी आली होती, अधूनमधून बंद पडायची आणि दिवा लागलेला. गर्दीचा दिवस होता. मी स्कॅनर लावला, कोड ओझरता पाहिला, पुसला, एक चक्कर मारली, गाडी ठणठणीत. दिली. चार दिवसांनी ती घाटातून टोचन करून आली. आल्यावर परत सुरू! तीन दिवस मी त्या गाडीभोवती फिरत होतो. शेवटी क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीएमला सांगणारा) निघाला, इंजिन तापलं की सिग्नल तोडणारा आणि गार झालं की शहाण्यासारखा वागणारा. पहिल्या दिवशी फ्रीझ फ्रेममधला पाण्याच्या तापमानाचा आकडा लिहून घेतला असता, तर "तापल्यावरच होतंय" एवढा धागा तरी हातात राहिला असता. तेव्हापासून माझ्या गॅरेजात जॉबकार्डावर कोड लिहिल्याशिवाय पुसायचं बटण कोणी दाबत नाही.

सर्व्हिसिंगनंतरच्या दिव्याला माझा साधा नियम आहे: जिथे हात लागला, तिथे आधी बघा. तुमच्या गाडीत हात लागलाय एअर फिल्टरच्या डब्याला, प्लगला आणि ऑइलला. या क्रमानेच जाऊ.

एअर फिल्टरचा डबा उघडताना बहुतेक गाड्यांत एखादा कपलर काढावा लागतो किंवा निदान ओढला जातो. परत बसवताना 'टक' असा आवाज आला नाही तर तो नुसता टेकलेला असतो. खड्ड्यातून गाडी गेली की सुटतो. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर तिथेच असेल तर पी०११३ हा कोड येतो. तो कळायला फार सोपा आहे. स्कॅनरवर चालू आकडे बघा, आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० अंश दाखवत असेल तर सेन्सरची जोडणी सुटलीय. मे महिन्यात साताऱ्यात उणे ४०! अशा गाडीत मी स्कॅनर बाजूला ठेवतो, बॉनेट उघडतो आणि लोंबकळणारा कपलर शोधतो. खर्च शून्य.

दुसरा नेहमीचा कोड म्हणजे पी०१७१. हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे त्यावर गोष्ट फिरते. काही गाड्यांत फिल्टरच्या डब्यानंतरच्या नळीत हवा थेट मोजणारा सेन्सर असतो, मॅफ. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब मोजणारा मॅप असतो. नावात एका अक्षराचा फरक, वागण्यात जमीन-अस्मानाचा. मॅफवाल्या गाडीत सेन्सरच्या पुढे रबरी होज पाइपचा क्लॅम्प सैल राहिला किंवा पाइपाला चीर गेली, तर तिथून घुसलेली हवा मोजलीच जात नाही. ईसीएम कमी हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं, आणि दिवा. मॅपवाल्या गाडीत त्याच ठिकाणचा सैल क्लॅम्प दिवा लावणार नाही, पण फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ इंजिनात जाईल. म्हणजे दिवा लागला नाही हे तिथे जास्त वाईट. तेव्हा गाडी कोणतीही असो, डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं तर नाही ना, हे बोट फिरवून बघा. नवीन फिल्टरची रबरी कड दुमडून बसली की शेवटची क्लिप लागत नाही आणि पोरं ती तशीच सोडून देतात. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिलीय.

पी०१७१ असेल आणि क्लॅम्प-क्लिपा ठीक असतील, तर फ्युएल ट्रिम बघावी लागते. ईसीएम ठरलेल्या हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, तो आकडा म्हणजे ट्रिम. शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर मी खूश असतो. मॅफवाल्या गाडीत आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) ती अधिक वीसच्या घरात आहे आणि रेस करून अडीच हजार आरपीएम धरल्यावर खाली येतेय, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. कारण आयडलिंगला एकूण हवाच कमी, त्यात चोरटी हवा मोठी ठरते. रेस केल्यावर तीच किरकोळ होते. उलट भार वाढला की ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पेट्रोलच्या पंपाकडे किंवा पेट्रोल फिल्टरकडे वळा. एवढा एक आकडा वाचता आला तर निम्मी फालतू पार्टबदली वाचते.

आता प्लग. पी०३०० म्हणजे मिसिंग, सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं, कुठल्या सिलिंडरला ते ठरलेलं नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरला. प्लग बदलल्यानंतर हा कोड आला तर आधी प्लगवर नाही, कॉइलवर (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) बघा. कॉइलच्या कपलरचं लॉक तुटलेलं असतं, किंवा कॉइलखालचं रबर फाटलेलं असतं, किंवा प्लग घट्ट करताना पान्याचा कोन बिघडून पांढऱ्या पोर्सेलीनला केसाएवढी चीर गेलेली असते. शोधायची पद्धत जुनीच आहे. समजा पी०३०२ आलाय. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा आणि चालवा. कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही तर मग प्लग, नाहीतर इंजेक्टर. इथे पुसणं योग्य आहे, कारण जुना कोड लिहून ठेवलाय आणि आपण मुद्दाम एक प्रश्न विचारतोय.

सर्व्हिसिंगबरोबर इंजिन धुतलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. धुतलं असेल तर प्लगच्या विहिरीत पाणी साचून मिसिंग येतं. कॉइल काढून बघा, रबर ओलं असेल तर हवा मारून सुकवा. प्रेशरचं पाणी आणि आजची इंजिनं यांचं जमत नाही.

ऑइलच्या बाबतीत फार लांब जायला नको. काही इंजिनांत ऑइल भरायचं झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नाही तरी चोरटी हवा आत जाते, तेवढं दाबून बघा. पातळीही तपासा. सर्व्हिसिंगनंतर वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइल मी नियमित पाहतो.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, हा सल्ला तुम्हाला इंटरनेटवर सगळीकडे दिसेल. तो अमेरिकेचा आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळतेय का हे स्वतः तपासतात आणि सैल झाकणानेही दिवा लावतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नसते. झाकण घट्ट करा, नुकसान काही नाही, पण त्याने दिवा जाईल अशी आशा धरू नका.

बॅटरीची वायर काढण्याबद्दल. चालतं का? कधी चालतं, कधी नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत कोड अशा मेमरीत असतो की वीज गेली तरी तो राहतो. आणि जिथे पुसला जातो तिथे त्याच्यासोबत दुसरंही बरंच जातं: इंजिनाने हजारो किलोमीटरमध्ये शिकलेली ट्रिम, आयडलिंगचा अंदाज, काचा आपोआप वर जाण्याची सेटिंग, घड्याळ, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड. मग एक-दोन दिवस गाडी सिग्नलला थरथरते आणि आता हे सर्व्हिसिंगमुळे की बॅटरीमुळे, हा नवा गोंधळ. मेकॅनिकचा हेतू वाईट नसेल, पूर्वी कार्ब्युरेटर जाऊन नुकतीच इंजेक्शनवाली इंजिनं आली तेव्हा सगळे हेच करायचे. पण स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतोय तेव्हा हे कशाला?

पुसायचं कसं, ते आता सांगतो. बिघाड सापडून दुरुस्त झाला, कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून झाली, की इंजिन बंद, चावी ऑन. ॲपमध्ये किंवा स्कॅनरवर कोड पुसायचा पर्याय निवडा, विचारेल त्याला हो म्हणा. दहा सेकंद थांबून चावी बंद करा, मग सुरू करा. चालू इंजिनवर किंवा गाडी चालवताना हे करू नका. झाल्यावर यंत्र सॉकेटातून काढून ठेवा, आठवडाभर तसंच राहिलं तर काही गाड्यांची बॅटरी उतरते.

खरं तर बिघाड गेला असेल तर पुसायचीही गरज नसते. तीन फेऱ्या लागोपाठ गडबड दिसली नाही की ईसीएम दिवा स्वतः बंद करतो. कोड मात्र वहीत राहतो, आणि इंजिन गार होऊन पुन्हा पूर्ण तापणं साधारण ४० वेळा झालं की तोही जातो. फेरी म्हणजे नुसती चावी फिरवणं नाही. गार इंजिन सुरू करून, पाणी ८५-९० अंशांपर्यंत तापवून, थोडं सरळ रस्त्यावर चालवून बंद करणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीनदा स्टार्ट-बंद केलं तर काही होत नाही.

सर्व्हिसिंगशी संबंध नसण्याचीही शक्यता आहेच. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर पी०१७१ आणि मिसिंग दोन्ही किटच्या ट्यूनिंगमुळे येऊ शकतात. गाडी दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा, फरक कळतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरीच्या ट्रेमागे शेंगांची टरफलं दिसली की मी कोड वाचायच्या आधी वायरिंगवर टॉर्च मारतो. आणि पी०४२० आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) नीट काम करत नाही असं ईसीएमला वाटलं, तर लगेच तो महागडा भाग बदलायला धावू नका. आधी मिसिंग नाही ना, सायलेन्सरचा जोड गळत नाही ना, ते बघून घ्या.

आता गुहागरचं. निघायच्या आदल्या रात्री दिवा पुसून निघू नका. तेव्हा तो गेलेला दिसेल आणि दुसऱ्या फेरीला, म्हणजे बहुधा परतताना कुंभार्ली घाटाच्या चढावर, पुन्हा लागेल. कोड आजच वाचा, उद्या क्लिपा आणि कपलर बघून घ्या. मग रोजच्यासारखी तीन-चार दिवस गाडी चालवा आणि स्कॅनरवर कच्च्या वहीतला कोडही रिकामा आहे का ते बघा. दिवा स्थिर असेल, गाडी ओढतेय, झटके नाहीत, तर साताऱ्यातल्या साताऱ्यात चालवायला मी तुम्हाला अडवणार नाही.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र अर्थ वेगळा. सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जातंय आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. आतली जाळी वितळायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, जागा बघून गाडी थांबवा, आणि पुढचा चढ टोचनवरच चढा. कोडचा फोटो मिळाला की इथे टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि सीएनजी आहे की नाही तेही. मग नेमकं सांगता येईल.